गोठ्यातल्या खिळ्यावरचे हत्ती

"देवाचं चित्र असलेला कागद चुलीत घालायचा न्हाय, जयवंता. वाहत्या पाण्यात सोडायचा. आन सोडायच्या आधी एकदा पानं उलटून बघायची, कुणाचं काय लिवलेलं ऱ्हायलंय का त्यात."

छबूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, पण सासूचा हा आवाज जयवंताच्या कानातून काही गेला नाही. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की जुनं कॅनॉलच्या पाण्यात सोडायचं, हे तिचं ठरलेलं. सोडण्याआधी ती ओट्यावर बसून पानं उलटायची. कुठली गाय कधी भरवली, कुठली कधी व्याली, डॉक्टर कधी येऊन गेला, सगळं तारखांच्या चौकटीत तिच्याच अक्षरात असायचं. राहिलेलं काही असलं तर नव्यावर उतरवायचं, नमस्कार करायचा आणि कागद पाण्यावर ठेवायचा.

गोठ्यातल्या खिळ्यावर मात्र यंदा दोन जुनी कॅलेंडरं तशीच राहिली होती. एकावर एक, त्यावर यंदाचं. तिन्हींवर गणपती. नवऱ्यानं, सावळारामनं, दोनदा विचारलं, एवढी जाड चळत कशाला लटकवलीयस म्हणून. असू द्या, एवढंच जयवंता म्हणाली. आज शनिवारी, धारा काढून झाल्यावर, तिनं ती दोन्ही खाली काढली, सुती पिशवीत घातली आणि कुणाला न सांगता कॅनॉलकडं निघाली. चार दिवसांपूर्वीच कॅनॉलला पाणी सुटलं होतं. आता सोडली की काटेवाडीची शीव ओलांडून कुठल्या कुठं जातील, असा तिचा हिशोब. घाई कसली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. देवापुढं बोलून दाखवावं असं ते नव्हतं.

सकाळी पूजेला बसली तेव्हा दूर्वाच जमल्या नाहीत. रोज एकवीस दूर्वा वाहिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचा. मूल व्हावं म्हणून धरला होता. मूल झालं नाही, नेम राहिला. हातानं दूर्वा खुडताना तिला कधी मोजाव्या लागत नसत. आज एकोणीस झाल्या, मग तेवीस झाल्या. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा तिचं तिलाच कळलं की तोंडात काल दुपारचा शब्द घोळतोय. न्हाय. न्हाय बाई, माझ्याकडं काय असणार. पूजा तशीच ठेवून ती उठली होती.

हे खोटं ती राजेश्वरीशी बोलली होती.

राजेश्वरी तिची धाकटी जाऊ. मानसिंगची बायको, इंदापूरच्या हायस्कुलात शिक्षिका. नोकरी लागली तेव्हा तिची प्रगती तीन वर्षांची होती. सासूबाई म्हणाल्या, पोरगी हितंच राहू दे, जयवंता बघंल. आणि जयवंतानं बघितली. दहावीपर्यंत प्रगती या गोठ्यात वाढली. गायीच्या पोटाला कान लावून वासराची हालचाल ऐकायला तिला जयवंतानं शिकवलं. शेण बघून गायीनं काल काय खाल्लं ते ओळखायला शिकवलं. जनावर माजावर आलं की डोळे कसे होतात, शेपूट कसं बाजूला धरतं, ते लाज न बाळगता दाखवलं. शनिवारी राजेश्वरी यायची, पदर नाकाला लावून गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, प्रगती, हात धुऊन ये गं, मग आईला भेट. पोरगी हात धुवायला पळायची. त्या पळण्याकडं बघताना जयवंताला काहीतरी खुपायचं, ते बावीस वर्षांत बोथट झालं नाही.

प्रगती बारामतीला शिकली, मग पुण्याला, मग परदेशी विद्यापीठात. शेवटी आफ्रिकेत, बोट्स्वानात, हत्तींवर संशोधन करायला गेली. हत्तिणी माजावर कधी येतात, कुठल्या नराला जवळ घेतात, कुठल्या मोसमात वितात, आणि त्या सगळ्याचा त्यांच्या खाण्याशी काय संबंध. गावात कुणाला सांगावं तर हसायचे. जयवंताला मात्र एका वाक्यात कळलं. दुष्काळात तिची ढवळी गाय दीड वर्ष माजावर आली नव्हती. पोटात हिरवं गेल्याशिवाय जनावर फळत न्हाय, ती म्हणाली. प्रगती फोनवर म्हणाली, मोठी आई, मी हेच शोधायला इथं आलेय.

जंगलातल्या त्या तळावर रेंज नव्हती. दर रविवारी प्रगती शिधा आणायला पन्नास मैलांवरच्या गावात जायची आणि तिथून फोन करायची. इकडं दुपारचे दोन झालेले असायचे. जयवंता गोठ्यात बाजेवर बसून आठवडाभराची बातमी घ्यायची. कुठली आली माजावर? कोण होतं तिच्याबरोबर? त्या नराच्या कानशिलातून मदाचं पाणी गळत होतं का? काय खाल्लं, गवत का झाडाची साल? शेण धुऊन चाळणीत काय ऱ्हायलं? प्रगती सांगायची आणि जयवंता हातातल्या पेनानं कॅलेंडरावर लिहायची. तिला लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. चंद्री गायीचं लिहायचं आणि हत्तीचं नाही, हे तिच्या हाताला जमणारं नव्हतं. गायींचं लाल पेनानं, हत्तींचं हिरव्या.

पहिल्या वर्षी तिनं एक चूक केली. जानेवारीत एक हत्तीण भरली, तिच्यापुढं तिनं नऊ महिने नऊ दिवस मोजून ऑक्टोबरच्या चौकटीत फुली केली, आणि त्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, व्याली का गं? प्रगती इतकी हसली की फोनच कट झाला. हत्तिणीला बावीस महिने लागतात म्हणे. जयवंतानं बोटं मोजली. मग पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आल्यावर त्याच्या नोव्हेंबरात फुली केली. म्हणून तर जुनं कॅलेंडर खिळ्यावरून निघालं नाही. गाभण जनावराची तारीख पाण्यात कशी सोडायची?

प्रगतीनं हत्तिणींना नंबर दिले होते. नंबर ध्यानात राहीनात म्हणून जयवंतानं आपली नावं पाडली आणि पहिल्या पानाच्या मागं कुठला नंबर कोण ते लिहून ठेवलं. कळपाची म्हातारी, जी पाण्याचा वास घेतल्याशिवाय कुणाला पिऊ देत नाही, ती छबूबाई. फाटक्या कानाची ती ढवळी. आणि आठ नंबर. आठ नंबरचं पिल्लू सहा महिन्यांचं, पण ते कायम एका तरण्या हत्तिणीच्या पायांत. आई आपली लांब चरत असायची, मान खाली घालून. पिल्लू चिखलात रुतलं की ती तरणीच धावायची. तिला स्वतःचं पिल्लू नव्हतं.

आठ नंबरचं नाव तिनं ठेवलं राजेश्वरी.

हे तिनं प्रगतीला कधी सांगितलं नाही. कॅलेंडरात मात्र दोन वर्षं लिहीत राहिली. राजेश्वरी लांब चरते. राजेश्वरीचं ध्यान न्हाय. मागच्या नोव्हेंबरात तर, राजेश्वरी माजावर, तीन दिवस, मोडक्या सुळ्याच्या नराबरोबर. ते वाचून सावळारामला चहाचा ठसका लागला होता. "बघ हां," तो डोळे पुसत म्हणाला, "मास्तरीणबाईंच्या हाताला लागलं तर तुझी शाळा भरंल." जयवंता हसली नव्हती. तिला ते लिहिताना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचं त्याच संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना वाईटही वाटलं होतं. पण नाव तसंच राहिलं.

मग डिसेंबरात पेपरात प्रगतीची बातमी आली. वार्ताहर इंदापूरला गेला होता. फोटोत राजेश्वरी, हातात प्रगतीची तसबीर. खाली लिहिलेलं, लहानपणापासून मी तिला गोठ्यात नेत असे, जनावरांचं निरीक्षण करायला मीच शिकवलं, असे त्यांच्या मातोश्री म्हणाल्या. जयवंतानं ते चारदा वाचलं. पेपराची घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवली, मग तिथून काढून कडब्यावर टाकली. त्या संकष्टीला मोरगावला जाऊन आली, पण देवाला काय मागावं ते कळेना. मागावंसं वाटत होतं ते मागण्याजोगं नव्हतं.

जानेवारीत तिकडं नदीला पूर आला. प्रगतीची जीप उतारावर पाण्यात गेली. माणसं वाचली. मागची पत्र्याची पेटी वाहून गेली. दोन वर्षांच्या वह्या तिच्यात होत्या आणि त्यांची नक्कल ठेवलेल्या दोन्ही डिस्कही त्याच पेटीत. प्रगती घरी आली. घरी म्हणजे इंदापूरला. आठ दिवस झाले, काटेवाडीला तिनं फोनही केला नव्हता. गाडी तर काटेवाडीवरूनच गेली असेल, जयवंताला एवढंच दिसत होतं. दारावरून गेली आणि उतरली नाही.

आणि काल दुपारी राजेश्वरी आली. एकटी, एसटीनं. आजवर ती कधी तशी आली नव्हती. घरात न जाता थेट गोठ्यात आली आणि बाजेवर बसली. पदर नाकाला लावला नाही. जयवंताच्या ते ध्यानात आलं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

प्रगती खोलीतून बाहेर येत नाही, राजेश्वरी सांगत होती. जेवते, न जेवते. सोमवारी विद्यापीठाला पत्र पाठवणार, सगळं सोडते म्हणून. तारखाच नाहीत तर हातात काय राहिलं, असं म्हणते. मग बोलता बोलता थांबली आणि तिनं विचारलं, "ताई, रविवारी तुमचं काय बोलणं व्हायचं हो? मला पाच मिनिटं. जेवलीस का, बरी आहेस का, संपलं. नंतर मी लावला की तासभर तुमच्याकडंच एंगेज."

जयवंताच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवल्यासारखं झालं. म्हणजे हिलाही खुपत होतं तर. दर रविवारी, दोन ते तीन, इंदापुरात कुणीतरी फोन हातात घेऊन बसत होतं. तो खडा तिनं सावकाश विरघळू दिला.

"काय बोलणार," ती म्हणाली. "गायीगुरांचं."

"तुम्ही काही लिहून ठेवलं होतंत का? प्रगती म्हणाली, मोठ्या आईला त्रास देऊ नको, तिच्याकडं काय असणार. पण मला राहवलं नाही."

तिच्याकडं काय असणार. जयवंतानं ते शब्द ऐकले आणि गूळ होता तिथं कारल्याचा रस उतरला. राजेश्वरीच्या पाठीमागं, तिच्या डोक्यावर हातभर उंचीला, दोन्ही कॅलेंडरं खिळ्याला होती. वळून वरचं यंदाचं उचललं असतं तर हिरवी अक्षरं दिसली असती.

"न्हाय बाई," जयवंता म्हणाली. "माझ्याकडं काय असणार? मी चौथी शिकलेली. जनावरं बघायला तिला तुमीच शिकीवलं न्हवं का, पेपरातच आलं हुतं."

राजेश्वरीची मान खाली गेली. ते मी बोलायला नको होतं, असं काहीसं ती पुटपुटली, पण गायीच्या हंबरण्यात ते नीट ऐकू आलं नाही, आणि जयवंतानं परत विचारलंही नाही. चहा घेऊन ती पाचच्या एसटीनं गेली.

म्हणून आज ही पिशवी आणि ही घाई. कागद पाण्यात गेला की काल बोललेलं खोटं राहणार नव्हतं. माझ्याकडं खरंच काही नाही, असं उद्या देवापुढंही म्हणता आलं असतं.

कॅनॉलच्या भरावावर बाभळीच्या सावलीत ती बसली. पाणी गढूळ, काठोकाठ. पिशवीतून कॅलेंडरं काढली, गणपतीला हात जोडले आणि सवयीनं पहिलं पान उलटलं. सासूचा आवाज नसता तर उलटलं नसतं. जानेवारी: चंद्री भरवली. बारा नंबर भरली, मोडका सुळा. मार्च: तिकडं पाऊस लय, सगळी गवतावर. जुलै: गवत वाळलं, साल सोलून खात्यात, ढवळीचं दूध कमी, पिल्लू रोड. दोन ढवळ्यांतली कुठली, ते पेनाच्या रंगावरून कळत होतं. तिला स्वतःशीच थोडं हसू आलं. पान उलटताना हात हळूहळू सावकाश झाला. छबूबाईनं कळप दुसऱ्या पाण्याला नेला. तरणी आज पिल्लाला सोंडेनं उठवत हुती.

ऑगस्टात राजेश्वरीचं नाव सात चौकटींत होतं. लांब चरते, लांब चरते. त्याच्याच खाली, बारीक अक्षरात, तिनं कधी लिहिलं ते तिला आठवत नव्हतं: प्रगती म्हणाली, पाजणाऱ्या हत्तिणीला दिवसाचं सोळा-अठरा तास खावंच लागतं. मान वर करायला सवड न्हाय. तिच्या पोटात गेलं तरच पिल्लाला दूध.

हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि त्यापुढं दीड वर्ष, ध्यान न्हाय, ध्यान न्हाय, असंच लिहीत राहिली होती. तिनं पान पटकन उलटलं, कुणी बघत असल्यासारखं.

दुसऱ्या कॅलेंडरात, सप्टेंबरच्या एका रविवारी, हत्तींचं काहीच नव्हतं. चौकट भरून कडेला वर चढलेली अक्षरं होती. पोरगी रडली. एकटं वाटतं म्हणाली. आईला सांगू नको म्हणाली. मोठी आई, माझं काय हुकलं तर तुला विचारीन, तू ध्यानात ठेव. विचार, सांगीन, म्हणाले.

जयवंतानं ते बोटानं परत वाचलं. विचार, सांगीन, म्हणाले. वर गणपती होता, म्हणजे त्याच्यासमोरच म्हणाली होती.

आणि काल विचारलं होतं. पोरीनं नाही, तिच्या आईनं. पण विचारलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला भरावावरच्या बाभळीएवढी स्पष्ट दिसत होती. ही कॅलेंडरं इंदापूरला गेली, तर त्या घरात ती आधी राजेश्वरीच्या हाताला लागणार. मास्तरीण ती, पहिल्या पानापासून वाचणार. आठ नंबर म्हणजे कोण ते तिथंच लिहिलंय. मग लांब चरते, मग ध्यान न्हाय, मग तो नोव्हेंबर. गावभर जिला शांत म्हणतात, जी संकष्टीला पाणीसुद्धा मोजून पिते, तिच्या पोटात काय होतं ते बॉलपेनानं, तारीखवार.

सगळं वहीत नव्यानं उतरवावं, असं मनात आलं. पण तिच्या हातानं महिना गेला असता आणि पत्र सोमवारी जाणार होतं. मग नाव तेवढं खरवडून काढावं. तिनं केसातला आकडा काढला, त्याच्या टोकानं एका चौकटीवर घासून बघितलं. नाव गेलं नाही. कागद फाटायला लागला आणि नावाबरोबर पुढची तारीख गेली असती. पोरीचं एक जनावर तेवढ्यानं हरवलं असतं. तिनं आकडा परत केसात खोवला.

कॅलेंडरं तिनं पिशवीत घातली. उठताना गुडघ्याला हात दिला आणि कॅनॉलकडं पाठ केली.

घरी आल्यावर पाय धुतले आणि दूर्वा घेऊन बसली. या वेळी मोजल्या नाहीत. खुडल्या तेवढ्या वाहिल्या. मग पाणी प्यायली, धुवट लुगडं नेसली आणि डब्यात चार बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधला. प्रगतीला घरचा ठेचा लागतो. इंदापुरात मिक्सरवरचा असेल, हेही मनात आलंच. ते मनात यायचं काही थांबलं नव्हतं.

सावळाराम वैरण टाकून आला आणि पिशवी बघून दारातच थांबला.

"कुठं?"

"इंदापूरला."

"आन सांजच्या धारा?"

"तुमी काढा."

त्यानं पिशवीत डोकावून बघितलं. वरच्या कॅलेंडरावरचा गणपती दिसला तसा त्याचा चेहरा गंभीर झाला, पण मिशीखाली हसू होतंच.

"नाव तसंच ठिवलंस?"

"तसंच हाय."

"मग मार खाशील जावंचा."

"खाईन," जयवंता म्हणाली.

तो आत गेला आणि दोरी घेऊन आला. कॅलेंडरांची सुरळी करून त्यानं सैल गाठ मारली, चुरगळू नये म्हणून, आणि पिशवी तिच्या हातात दिली.

फाट्यापर्यंत पाऊण मैल. ऊस घेऊन निघालेल्या दोन ट्रॉल्या तिच्या बाजूनं गेल्या, धूळ उडाली, तिनं पिशवी पदराखाली घेतली. चालताना ती मनात जुळवणी करत होती. दार प्रगतीनं उघडलं तर बरं. पण दार राजेश्वरीच उघडणार. मग काय म्हणायचं? काल खोटं बोलले, हे आधी सांगायचं का आठ नंबरचं आधी? चार-पाच वाक्यं तिनं रचली आणि मोडली.

इंदापूरची गाडी आली. जयवंता चढली, खिडकीकडची जागा मिळाली. पिशवी खाली ठेवावी म्हणून वाकली, मग तिनं ती उचलून मांडीवरच घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.